माहिती पुरेशी आहे का? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

(ब्रह्मपुरी येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं जोडली आहेत.)



आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आहेत, आणि उरलेल्यांत त्यांचे आई-वडील आणि शिक्षक. म्हणून सुरुवात तुमच्या पुस्तकातल्याच एका प्रश्नप्रकारापासून करतो. विषय मात्र इतिहासाचा आहे, हे लक्षात असू द्या.

प्रश्न असा. बारीक धानाच्या एका पोत्याची किंमत किती? विधान १: बारीक धानाची २ पोती आणि जाड धानाची ३ पोती मिळून ११,००० रुपये होतात. विधान २: बारीक धानाची ४ पोती आणि जाड धानाची ६ पोती मिळून २२,००० रुपये होतात. आता उत्तर काढायचं नाही. एवढंच सांगायचं, की उत्तर काढायला ही माहिती पुरते का? फक्त पहिलं विधान पुरतं, फक्त दुसरं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत?

क्लासमध्ये तुम्हाला एक सूत्र पाठ करून दिलेलं असतं: दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणजे माहिती पुरेशी. या सूत्रानं गेलात तर ‘दोन्ही मिळून पुरेशी’ असं उत्तर द्याल आणि गुण घालवाल. कारण दुसरं विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. एकच गोष्ट दोनदा सांगितली. माहिती एकच, तिला कागद दोन.

‘माहितीची पर्याप्तता’ असं या प्रकाराचं भारदस्त नाव आहे. आपण साधं ‘माहिती पुरेशी आहे का’ असं म्हणू. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी घेतली जाणारी जीमॅट ही अमेरिकी परीक्षा १९५४ साली सुरू झाली, तिच्यात हा प्रकार कित्येक दशकं ठाण मांडून आहे. २०२३ साली त्या परीक्षेचा साचा बदलला, तेव्हाही हा प्रकार गेला नाही. गणिताच्या विभागातून उचलून माहितीच्या विश्लेषणाच्या विभागात नेऊन बसवला. आपल्याकडे संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून जो दुसरा पेपर आला, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, त्याच्या अभ्यासक्रमात दहावीच्या पातळीवरचा म्हणून याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे आपल्या पोरांचा समज असा होतो, की ही कुठली तरी परदेशी, इंग्रजी माध्यमवाल्यांची क्लृप्ती आहे. वैनगंगेच्या काठच्या, मराठी शाळेत शिकलेल्या मुलाचं हे काम नाही.

हा समज मला आज मोडायचा आहे. ‘उत्तर किती’ याच्या आधी ‘उत्तर निघतं का, आणि निघालं तर एकच निघतं का’ असं विचारण्याची शिस्त या महाराष्ट्राच्या मातीत किमान पावणेनऊशे वर्षं जुनी आहे. आणि ती नीट पाहिली, की पाठ केलेलं सूत्र कुठं कुठं फसतं तेही कळतं.

पाटणचा दगड

खानदेशात चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. पाटणादेवीमुळे तुम्हाला ठाऊक असेल. तिथल्या मंदिरात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासून १८६५ साली प्रसिद्ध केला. लेख आहे इसवी सन १२०७ चा, देवगिरीच्या यादवांच्या काळातला, सिंघण राजाच्या कारकिर्दीतला. त्यात एका घराण्याची वंशावळ दिली आहे, आणि त्या घराण्यातल्या चांगदेव नावाच्या ज्योतिषानं एक मठ स्थापन केल्याची नोंद आहे. मठ कशासाठी? आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. हे आजोबा म्हणजे भास्कराचार्य.

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वर राजांची आणि पंडितांची स्तुती संस्कृतात, आणि खाली व्यवहार मराठीत: पाटणच्या बाजारात जो माल विकायला निघेल त्यावरचा राजाकडे जाणारा वाटा मठाला द्यावा, अशा नोंदी. म्हणजे बीजगणिताच्या अभ्यासाचा खर्च आठवडी बाजार उचलत होता. बाजाराचं आणि बीजगणिताचं नातं इतकं जुनं आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, गणिताध्याय आणि गोलाध्याय. लीलावती सगळ्यांना माहीत असते. आज मला प्रामुख्यानं दुसऱ्या भागाबद्दल, बीजगणिताबद्दल बोलायचं आहे.

रंगांची नावं

आपण अज्ञात संख्येला ‘क्ष’ म्हणतो. भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला म्हणतात ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना पहिलं अक्षर घ्यायचं: या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला ‘रूप’, म्हणून ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू शेजारी शेजारी लिहीत नसत, एकाखाली एक लिहीत. एका अज्ञाताचं ते एकवर्ण समीकरण, अनेकांचं ते अनेकवर्ण. ही परंपरा त्यांच्या आधीची आहे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली अज्ञातांसाठी ‘वर्ण’ हा शब्द वापरलेला आहे.

आता त्यांचं एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. एका माणसाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज आहे. घोडे सगळे सारख्या किमतीचे, आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर घोड्याची किंमत किती? ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. इकडचे ६ घोडे तिकडच्यातून वजा करा, तिकडचं कर्ज इकडे जमा करा. ४ घोडे म्हणजे ४००. घोडा १०० चा. एक अज्ञात, एक समीकरण, एकच उत्तर. माहिती पुरेशी.

दुसरं उदाहरण जास्त मजेदार आहे. एक माणूस मित्राला म्हणतो, तू मला १०० दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. मित्र म्हणतो, तू मला १० दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. दोघांकडे किती? अज्ञात दोन आहेत. पण भास्कराचार्य इथं दुसरा रंग घेतच नाहीत. ते म्हणतात, पहिल्याचं धन दोन यावत्तावत् वजा १०० धरा, आणि दुसऱ्याचं एक यावत्तावत् अधिक १०० धरा. असं का? कारण मग पहिली अट आपोआपच पाळली जाते. १०० इकडून तिकडे गेले, की पहिल्याकडे दोन, दुसऱ्याकडे एक. झाली दुप्पट. आता फक्त दुसरी अट लावायची: क्ष + ११० = ६ × (२क्ष − ११०). यातून क्ष येतो ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. ताळा करून बघा.

यातली गंमत कळली का? पहिली अट मांडणीतच मुरवली. म्हणजे प्रत्येक अट एकेका अज्ञाताची मोकळीक काढून घेते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. समीकरणं मोजण्यापेक्षा अटींनी किती मोकळीक उरवली ते मोजणं, हे खरं शहाणपण.

शंभर पक्षी आणि अनेक उत्तरं

आता जिथं माहिती पुरत नाही ते उदाहरण. बाजारात कबुतरं ३ नाण्यांना ५ मिळतात. सारस ५ नाण्यांना ७. हंस ७ नाण्यांना ९. आणि मोर ९ नाण्यांना ३. राजपुत्राच्या करमणुकीसाठी १०० नाण्यांत १०० पक्षी आणायचे आहेत. किती किती आणाल?

अज्ञात चार, अटी दोन. ‘दोन समीकरणं कमी पडतात, माहिती अपुरी’ असं म्हणून आपण पुस्तक मिटू. भास्कराचार्य मिटत नाहीत. ते म्हणतात, काही अज्ञातांना आपल्या पसंतीची किंमत द्या. त्याला त्यांचा शब्द आहे ‘इष्ट’. मग बाकीचे काढा. आणि इष्ट बदललं की उत्तर बदलेल. पण कितीही बदललं तरी पक्षी पुरते यायला हवेत, अर्धा मोर आणता येत नाही. मी स्वतः बसून हिशेब केला. पक्षी ठरलेल्या गटांनीच घ्यायचे आणि चारही जातींचा निदान एकेक गट घ्यायचा असं ठरवलं, तर नेमकी सहा उत्तरं निघतात. त्यांतलं एक सांगतो: ५ कबुतरं, ५६ सारस, २७ हंस, १२ मोर. पक्षी झाले १००. नाणी ३ आणि ४० आणि २१ आणि ३६, तीही १००. दुसरं: ६० कबुतरं, ७ सारस, १८ हंस, १५ मोर. उरलेली चार घरी जाऊन शोधा.

हे कोडं जगभर फिरलेलं आहे. चीनमध्ये पाचव्या शतकात झांग चिउजिआन यानं १०० नाण्यांत १०० कोंबड्यांचा प्रश्न घातला आणि त्याची तीन उत्तरं दिली. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या सुमारे तीनशे वर्षं आधी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनीही पक्ष्यांच्या खरेदीचा असाच प्रश्न घातला होता. इजिप्तमध्ये इसवी सन ९०० च्या आसपास अबू कामिल या गणितज्ञानं तर पक्ष्यांच्या प्रश्नांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. त्याची तक्रार अशी होती, की लोक अंदाजानं एक उत्तर ठोकून देतात आणि समजतात, झालं. त्यानं एका प्रश्नाची अडीच हजारांहून जास्त उत्तरं मोजून दाखवली. हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस आजच्या क्लासमध्ये आला तर काय म्हणेल? हेच म्हणेल, एक उत्तर सापडलं म्हणजे तेच एकमेव उत्तर, असं कोणी सांगितलं तुला?

एकच समीकरण, तरी पुरेसं

आता उलट बाजू. समीकरणं कमी असूनही माहिती पुरू शकते. १७ रुपयांच्या काही वह्या आणि २३ रुपयांची काही पुस्तकं मिळून १०३ रुपये झाले. वह्या किती? समीकरण एक, अज्ञात दोन. सूत्र म्हणेल, अपुरी. पण करून पाहा. पुस्तक एकही नाही धरलं तर १०३ ला १७ नं भाग जात नाही. एक धरा, ८० उरतात, नाही. दोन धरा, ५७ उरतात, नाही. तीन धरा, ३४ उरतात, जमलं: दोन वह्या. चार धरा, ११ उरतात, नाही. म्हणजे उत्तर एकच. वह्या पुरत्या असतात, अर्धी वही कोणी विकत नाही, ही न सांगितलेली अटच आपल्या मदतीला आली.

या तऱ्हेच्या प्रश्नांचं शास्त्र आपल्याकडे ‘कुट्टक’ नावानं ओळखलं जातं. कुट्टक म्हणजे कुटणारा, बारीक करणारा. मोठ्या संख्या भाग देत देत लहान करत जायच्या. आर्यभटानं ४९९ साली ही रीत दिली. ग्रहांच्या गतीचे हिशेब पूर्णांकांतच बसवायचे असत, त्यासाठी ती लागे. त्याचा भाष्यकार पहिला भास्कर, काळ ६२९, एक सोपं उदाहरण देतो: अशी संख्या सांगा, जिला ८ नं भागलं तर ५ उरतात, ९ नं भागलं तर ४, आणि ७ नं भागलं तर १. उत्तर ८५. पण त्यात ५०४ मिळवले तरी, ५८९ ला, तीच बाकी. म्हणजे ‘सगळ्यात लहान’ असं म्हटल्याशिवाय उत्तर एकच होत नाही. परीक्षेत प्रश्नाच्या शेवटी ‘संख्या १०० पेक्षा लहान आहे’ असं बारीक अक्षरात येतं ना, ते उगाच येत नाही.

आणि कुट्टकाच्याच प्रकरणात भास्कराचार्य एक इशारा देतात, जो मला फार आवडतो. ६ रुपयांचे काही पेन आणि १० रुपयांच्या काही वह्या मिळून ७५ रुपये झाले, असं कोणी सांगितलं, तर? ६ आणि १० दोन्ही सम. त्यांच्या कितीही पटी घ्या, बेरीज समच येणार. ७५ येणं शक्य नाही. दोन्ही गुणकांना ज्या संख्येनं भाग जातो तिनं बेरजेलाही भाग गेला पाहिजे. नाही गेला तर भास्कराचार्य त्या प्रश्नाला म्हणतात ‘दुष्ट’. उत्तर चुकलेलं नाही, सोडवणारा चुकलेला नाही. प्रश्नच दुष्ट आहे. वर्गांच्या समीकरणांत असा असाध्य प्रश्न आला तर त्यासाठी ‘खिल’ असाही शब्द येतो.

परीक्षेत दिलेली दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत, असा संकेत असतो. व्यवहारात तो संकेत नसतो. म्हणून ‘दुष्ट’ हा शब्द लक्षात ठेवा.

अर्धवट पुरेशी माहिती

लीलावतीत चार रत्नव्यापारी आहेत. एकाकडे ८ माणकं, दुसऱ्याकडे १० नीलमणी, तिसऱ्याकडे १०० मोती, चौथ्याकडे ५ हिरे. वाटेत भेटले, मैत्री जमली, प्रत्येकानं आपल्यातलं एकेक रत्न बाकीच्या तिघांना दिलं. आता चौघांची मालमत्ता सारखी झाली. रत्नांच्या किमती सांगा.

रीत साधी. आता प्रत्येकाकडे चारही रत्नांतलं निदान एकेक आहेच. तेवढं सगळ्यांकडून बाजूला काढा. उरली ४ माणकं, ६ नीलमणी, ९६ मोती आणि १ हिरा, आणि हे चारही ढीग सारख्या किमतीचे. मोत्याची किंमत १ धरली तर ढीग ९६ चा; माणिक २४, नीलमणी १६, हिरा ९६. प्रत्येकाची मालमत्ता २३३.

पण मोत्याची किंमत १ कोणी सांगितली? कोणीच नाही. २ धरा, सगळं दुप्पट होईल. म्हणजे ‘माणकाची किंमत किती’ असं विचारलं तर माहिती अपुरी. आणि ‘माणिक मोत्याच्या किती पट’ असं विचारलं तर तीच माहिती पुरेशी. माहिती बदलली नाही, प्रश्न बदलला. पर्याप्तता ही माहितीची आणि प्रश्नाची जोडी लावून बघायची गोष्ट आहे. सुरुवातीच्या धानाच्या उदाहरणातही, बारीकच्या एका पोत्याची किंमत विचारली तर माहिती अपुरी. पण ‘बारीकची ६ आणि जाडची ९ पोती मिळून किती’ असं विचारलं तर पहिलं विधान एकटंच पुरतं. उत्तर ३३,०००. कितीतरी मुलं इथंच अडकतात, कारण ती दोन्ही किमती वेगवेगळ्या शोधायला धावतात.

माकडांचे दोन कळप

वर्गसमीकरणात आणखी एक पेच आहे. बीजगणितात माकडांची दोन उदाहरणं लागोपाठ येतात. पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं वनात खेळतायत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप किती? उत्तरं दोन: ४८ आणि १६. ताळा करा. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, झाले १६. भास्कराचार्य दोन्ही उत्तरं स्वीकारतात.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जो वर्ग येतो तेवढी माकडं गुहेत गेली, आणि एक फांदीवर दिसतंय. कळप किती? समीकरण सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की ऋण २ येतात. वर्ग करताना ते ऋणत्व लपून जातं, म्हणून आकडेमोड जुळते. भास्कराचार्य म्हणतात, दुसरं उत्तर घेऊ नये, उणे माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही. म्हणजे इथं उत्तर एक.

बघा, एकाच तऱ्हेची दोन समीकरणं. एकात माहिती अपुरी, दुसऱ्यात पुरेशी. फरक कशानं पडला? समीकरणानं नाही. समीकरण ज्या गोष्टीबद्दल आहे, त्या गोष्टीनं. ‘वर्गसमीकरण दिसलं की अपुरी’ असं पाठ करणारा दुसऱ्या कळपात फसतो, आणि ‘ऋण उत्तर टाका म्हणजे झालं’ असं पाठ करणारा पहिल्या कळपात. तिथं टाकायला ऋण काही नसतंच.

टीकाकार, आणि त्यांतला एक वऱ्हाडातला

पाटणच्या मठानंतर ही परंपरा तुटली नाही. गोदावरीकाठच्या पार्थपूरचा, म्हणजे आजच्या पाथरीचा, सूर्यदास यानं १५३८ साली बीजगणितावर टीका लिहिली. कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५४५ साली लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्ण दैवज्ञानं बीजगणितावर अशी टीका लिहिली, जिच्यात नुसती रीत नाही तर रीत का चालते याची उपपत्ती दिली आहे. या कृष्ण दैवज्ञाचं घराणं मूळचं विदर्भातलं, पयोष्णीच्या काठच्या दधिग्रामचं. पयोष्णी म्हणजे पूर्णा असं मानतात. पुढे हे घराणं काशीला गेलं, आणि कृष्ण दैवज्ञाला जहांगीर बादशहाचा आश्रय होता.

त्यानं ऋण संख्या समजावून सांगताना म्हटलंय, ऋणपण तीन तऱ्हेचं असतं: जागेचं, काळाचं आणि वस्तूचं. पूर्वेकडे चाललेलं धन धरलं तर पश्चिमेकडे चाललेलं ऋण. पुढचा दिवस धन तर मागचा ऋण. मालकी धन तर देणं ऋण. आता वरची माकडं आठवा. दिशेच्या प्रश्नात उणे २ हे खरं उत्तर असू शकतं, कर्जाच्या प्रश्नातही असू शकतं. माकडांच्या प्रश्नात नसतं. कोणतं उत्तर ठेवायचं आणि कोणतं टाकायचं, ते शब्द वाचून ठरतं. म्हणून याला शाब्दिक उदाहरण म्हणतात, बाबांनो. शब्द वाचायचे असतात.

मग हे हरवलं कुठं?

ग्रंथ हरवले नाहीत. फैजीनं १५८७ मध्ये लीलावती फारसीत नेली, अताउल्ला रश्दीनं १६३४-३५ च्या सुमारास बीजगणित फारसीत नेलं. त्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रॅचीनं १८१३ साली इंग्रजीत केलं, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकनं थेट संस्कृतातून ब्रह्मगुप्त आणि भास्कर दोघांचं भाषांतर छापलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबई इलाख्यात मराठी शाळांसाठी गणिताची पुस्तकं तयार होऊ लागली. कॅप्टन जर्विस यांच्या देखरेखीखाली ती झाली, आणि आधार घेतला इंग्लंडातल्या हटनच्या पुस्तकांचा. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या जाणत्या माणसांनी मराठीत गणित रुजवलं; टिळक त्यांचेच विद्यार्थी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या साऱ्या परंपरेचा इतिहास मराठीत मांडून ठेवला. या लोकांनी काम थोर केलं, यात शंका नाही.

पण शाळेच्या पुस्तकाला परीक्षा चिकटली, आणि परीक्षेला एकच उत्तर लागतं, कारण तपासायचं असतं. त्यामुळे पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण असं बेतलेलं, की माहिती नेमकी पुरेल, उत्तर नेमकं एक येईल. दहा-बारा वर्षं अशीच उदाहरणं सोडवलेल्या मुलाला ‘हा प्रश्न सुटतच नाही’ असं म्हणायची सवयच उरत नाही. दुष्ट प्रश्न त्याला कधी भेटलेलाच नसतो. मग बाविसाव्या वर्षी स्पर्धा परीक्षेत हा प्रकार समोर आला, की तो परका वाटतो. परका नाही, आपणच त्याला घराबाहेर काढला होता.

इथं, या भागात

आपल्या झाडीपट्टीत जुनी माणसं अजून धान पायली, कुडो, खंडीनं मोजतात. लीलावतीच्या सुरुवातीला मापांचं कोष्टक आहे, त्यात कुडव आहे: चार कुडवांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण आणि सोळा द्रोणांची खारी. तिथला कुडव लहानसा, आपला कुडो मोठा. नाव एक, माप वेगळं. म्हणूनच भास्कराचार्यांनी पहिलं उदाहरण घालण्याआधी कोष्टक दिलं. ‘पाच कुडो धान’ या वाक्यात कुडो केवढा हे ठरलं नसेल, तर माहिती अपुरी आहे.

आणि हा फक्त परीक्षेचा मुद्दा नाही. कोणी सांगतं, ‘यंदा उत्पन्न दुप्पट झालं.’ कशाच्या दुप्पट? चार व्यापाऱ्यांच्या रत्नांसारखं आहे हे; पट कळली, किंमत कळली नाही. कोणी कर्जाचा कागद पुढे करतं, महिन्याचा हप्ता लिहिलेला असतो, हप्ते किती ते नसतं. एक समीकरण, दोन अज्ञात, आणि खाली तुमची सही. कोणी एकाच आकड्याचे दोन तक्ते दाखवून म्हणतं, बघा, दोन पुरावे. ते ११,००० आणि २२,००० चंच प्रकरण. ज्याला ‘माहिती पुरेशी नाही’ हे ठामपणे म्हणता येतं, त्याला फसवणं अवघड जातं.

म्हणून सोडवताना चार गोष्टी क्रमानं करा. आधी प्रश्न नेमका काय मागतोय ते लिहा: संख्या, पट, की फक्त हो-नाही. मग प्रत्येक विधान समीकरणात उतरवा आणि ते वेगवेगळं तपासा. दुसरं तपासताना पहिलं विसरा. मग दोन्ही एकत्र करून बघा, त्यातलं नवीन किती आणि जुनंच किती. शेवटी शब्दांतल्या लपलेल्या अटी शोधा: पूर्णांक आहे का, धन आहे का, मर्यादा आहे का. आणि पुरेशी म्हणण्याआधी दुसरं उत्तर शोधायचा एकदा मनापासून प्रयत्न करा. सापडलं तर अपुरी.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, परीक्षेत एवढा वेळ कुठं असतो? ट्रिक नको का?*

बाळा, वेळ वाचवण्यासाठीच हे आहे. या प्रकारात शेवटपर्यंत आकडेमोड करावी लागत नाही. वह्यांच्या उदाहरणात तू पाच पायऱ्यांत निकाल लावलास. पोत्यांच्या उदाहरणात तर एकही आकडेमोड नाही, नुसतं बघणं आहे. ट्रिक पाठ केली तर ती एका साच्याला लागते. परीक्षक साचा बदलतो, कारण त्यालाही ट्रिक माहीत असते.

*प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. तिला हे आतापासून शिकवता येईल का?*

नक्की येईल, ताई, आणि त्यासाठी बीजगणितही लागत नाही. तिला उदाहरण सोडवायला देऊ नका, घालायला सांगा. शंभर रुपयांत दोन वस्तूंचं एक उदाहरण ती तयार करील. मग तिला विचारा, याला दुसरं उत्तर आहे का? असेल तर म्हणा, आता अशी एक अट घाल, की उत्तर एकच उरेल. आणि मग म्हणा, आता अशी अट घाल, की एकही उरणार नाही. या तीन पायऱ्यांत पुरेशी, अपुरी आणि दुष्ट, तिन्ही तिच्या हाताखालून जातील. पाटणच्या मठात पोरांना याहून वेगळं काही करायला सांगत असतील, असं मला वाटत नाही.